डाव्या हाताचा नमस्कार

रविवारी सकाळी आठच्या सुमारास आमच्या कोथरूडच्या फ्लॅटमध्ये आई देवघरात पूजा करत असायची आणि मी हॉलमध्ये दोन उघड्याबंब माणसांची मारामारी बघत असायचो. अमेरिकेत शनिवारची रात्र असते तेव्हा आपल्याकडे रविवारची सकाळ असते, त्याला मी काय करणार? मिक्स्ड मार्शल आर्ट्स म्हणतात त्या खेळाला. जाळीच्या पिंजऱ्यात दोघांना सोडायचं. बुक्क्या, लाथा, कुस्ती, गळा आवळणं, सगळं चालतं. आडवा होऊन उठला नाही तो हरला, हाताने थोपटून 'पुरे' म्हणाला तोही हरला, आणि दोघंही शेवटपर्यंत उभे राहिले तर तीन पंच निकाल देतात. तो निकाल माझ्या मते नेहमी चुकीचा असतो. आई घंटा थांबवून आतूनच विचारायची, "संपलं का रे तुझं कीर्तन?" बायकोने या विषयातून केव्हाच अंग काढून घेतलं होतं.

नुसतं बघत बसलो असतो तर कुणाचं काही बिघडलं नसतं. पण मी भाकितं करायचो.

दर शुक्रवारी संध्याकाळी हिंजवडीहून परतणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये मी त्या रविवारच्या लढतींचे निकाल आधीच जाहीर करायचो. मेट्रोचे खांब तेव्हा अर्धवट उभे होते आणि निम्मा रस्ता पत्रे लावून अडवलेला होता. वाकडच्या अलीकडे बस अशी अडकायची की ड्रायव्हर इंजिन बंद करून खाली उतरायचा आणि निवांत चहा पिऊन यायचा. अशा वेळी माणसं काहीही ऐकून घेतात, तशी माझंही ऐकून घ्यायची. माझ्याकडे एक्सेलची शीट होती. प्रत्येकाची उंची, हाताची लांबी, वय, उजवा की डावखुरा, मागच्या पाच लढती कशा संपल्या, गटात बसायला वजन उतरवताना किती हाल झाले, सगळं त्यात. चौदा वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग करतोय मी. दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार घेतो. त्या हिशेबाने माझी भाकितं अचूक यायला हवी होती.

यायची नाहीत हो! एकदा छातीठोकपणे सांगितलं की हा लांब हातांचा गडी त्या बुटक्याला जवळसुद्धा येऊ देणार नाही. बुटका अकराव्या सेकंदाला जवळ आला आणि आमच्या गड्याचे लांब हात जमिनीवर लांब पसरले. एकदा सांगितलं, ही लढत शंभर टक्के पंचांच्या निकालावर जाणार. मी चहा आणायला उठलो तेवढ्यात संपली. डोक्यात नुसती तिडीक जायची. अभ्यास मी करायचो, रात्री जागून जुन्या लढती मी बघायचो, आणि सोमवारी सकाळी बसमध्ये तोंड लपवतही मीच बसायचो.

त्यात भर म्हणजे आमच्या बसमधले पगार विभागातले गृहस्थ. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली, जन्म सदाशिव पेठेतला, या खेळातलं ओ की ठो कळत नाही. माझ्या मोबाईलवर दोघांचे फोटो बघायचे आणि चष्मा कपाळावर सरकवून सांगायचे, "हा नको. ह्याने दाढी कोरून आणलीय. लढायला निघालेल्या माणसाला दाढी कोरायला वेळ कसा मिळतो?" आणि तो दाढीवाला हरायचा! बसमध्ये एक रीत पडली होती. ज्याची भाकितं जास्त बरोबर येतील त्याला पुढचा आठवडाभर ड्रायव्हरच्या मागची एकट्याची खिडकी. ते गृहस्थ त्या खिडकीत महिनोन् महिने ठाण मांडून होते. मी चढलो की न बघताच म्हणायचे, "या शास्त्रीबुवा, मागे भरपूर जागा आहे." मी मागे जाऊन बसायचो.

याच बसमध्ये ती मुलगी होती. यवतमाळकडची, वय सत्तावीस, आमच्याच टेस्टिंग टीममधली, कर्वे रोडजवळच्या लेडीज हॉस्टेलवर राहणारी. ऑफिसात सगळे एकमेकांना नावाने हाका मारायचे, ही मात्र मला पहिल्या दिवसापासून 'भाऊ' म्हणायची. बाकीचे माझी भाकितं ऐकून दात काढायचे. ती प्रश्न विचारायची. "भाऊ, तो थकला की उजवा हात खाली सोडून राहिला ना. तुम्ही तिकडे पाहिलंच नाही." मला राग आला. घरी जाऊन ती लढत पुन्हा पाहिली. हात खरंच खाली येत होता. दुसऱ्या दिवशी मी जरा गुश्शातच विचारलं, "तुला कसं गं कळतं हे?" तर म्हणाली, "मी लढते ना, भाऊ."

सकाळी साडेपाचला उठून जिम, मग आठची बस, मग दिवसभर आमच्यासारख्यांबरोबर बग शोधत बसायचं, हे ती चार वर्षं करत होती आणि मला पत्ता नव्हता. हौशी स्पर्धांमध्ये दोन लढती झाल्या होत्या. दोन्ही शेवटपर्यंत गेल्या, दोन्ही पंचांनी दुसऱ्या मुलीला दिल्या. तिसरी महिन्याभराने चिंचवडला होती. तिच्या कोचने स्पष्ट सांगितलं होतं की ही जिंकलीस तर राज्याच्या संघनिवडीला तुझं नाव देतो, हरलीस तर देता येणार नाही, मागे मुली थांबल्यात. नेमक्या त्याच वेळी आमच्या मॅनेजरने तिच्यापुढे सपोर्टचं काम ठेवलं. रात्रपाळी, दोन वर्षांचा करार. संध्याकाळी जायचं आणि सकाळी यायचं, म्हणजे सराव संपलाच. तिने मॅनेजरकडून महिन्याची मुदत मागून घेतली होती.

"जिंकली तर नाही म्हणून सांगून देईन, भाऊ. हरली तर हो. किती दिवस असं लटकून राहायचं?" असं ती मला बसमध्ये म्हणाली, आणि पुढच्याच वाक्यात, "तुम्ही माझं भाकीत करा ना."

मागच्या सीटवरून कुणीतरी खो खो हसलं. मी म्हणालो, "अगं बाई, माझी भाकितं तुला माहीत आहेत. उगाच अपशकुन कशाला?"

"माहीत आहेत. पण तुम्ही चुकता, खोटं नाही बोलत. कोच म्हणतात तू जिंकशील, मैत्रिणी म्हणतात तू जिंकशील. सगळे बरं वाटावं म्हणून बोलून राहिले. तुम्ही शीट करा आणि खरं काय ते सांगा."

इतक्या वर्षांत माझ्या शीटवर कुणी विश्वास टाकला नव्हता. मी फुगलो. खोटं कशाला सांगू, छाती वर करून घरी गेलो त्या दिवशी.

प्रतिस्पर्धी मुलगी सोलापूरची होती. तिच्याबद्दल काही म्हणजे काही मिळेना. महत्प्रयासाने इंटरनेटवर एक व्हिडिओ सापडला, दीड मिनिटाचा, तिच्याच कुणा मैत्रिणीने मोबाईलवर काढून गाणंबिणं लावून टाकलेला. मी तो इतक्यांदा पाहिला की ते गाणं मला आंघोळ करतानाही ऐकू यायला लागलं. मुलगी मजबूत होती. उजवा पाय पुढे, डावा हात मागे राखून ठेवलेला, आणि तो डावा एकदा सुटला की समोरची थेट खाली. म्हणजे डावखुरी. मी शीटमध्ये लिहिलं, डावखुरी, आणि त्यापुढे सगळं त्या एका शब्दावर रचलं.

आई चहाचा कप घेऊन माझ्या मागे येऊन उभी राहिली होती. पस्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलेली बाई, दुसऱ्याच्या वहीत डोकावायची सवय अजून गेलेली नाही. म्हणाली, "ही डाव्या हाताने नमस्कार कसा काय करते रे?"

व्हिडिओच्या सुरुवातीलाच ती मुलगी पिंजऱ्यात शिरताना वाकते, मॅटला बोटं लावते आणि ती कपाळाला लावते. हात डावा होता.

"डावखुरी आहे ती, आई."

"असू दे की डावखुरी. तू नाहीस का डावखुरा? तू कधी डाव्या हाताने नमस्कार केलास?"

केला होता. पाच वर्षांचा असताना, आणि पाठीत सणसणीत धपाटा खाल्ला होता. लिहितो मी डाव्याने, चेंडू फेकतो डाव्याने, स्क्रू पिळतो डाव्याने. पण जेवणाच्या ताटावर, प्रसाद घेताना, उंबऱ्याला हात लावताना उजवाच पुढे येतो. त्यासाठी विचार करावा लागत नाही. आपल्याकडच्या कुठल्याही डावखुऱ्या माणसाला विचारा, हेच सांगेल. हे सगळं मला ठाऊक होतं, आणि मी आईला काय म्हणालो? म्हणालो, "आई, तुला यातलं काही कळत नाही."

"बरं," म्हणून ती कप घेऊन आत गेली.

आता डावखुऱ्याशी लढायचं तर एक साधा नियम आहे. त्याचा जोराचा हात डावा, तो आपल्या उजव्या बाजूने येतो. म्हणून आपण सतत डावीकडे सरकत राहायचं, त्या हातापासून लांब. उजव्या माणसाशी नेमकं उलटं. त्याच्यापुढे डावीकडे सरकलात तर तुम्ही आपल्या पायांनी चालत त्याच्या बुक्कीखाली जाता. तिच्या जिममध्ये सरावाला एकही डावखुरी मुलगी नव्हती. कोचकडे चाळीस विद्यार्थी, त्याने व्हिडिओवर नजर टाकली आणि म्हणाला, ठीक आहे, कुणी डावखुरा बघ सरावाला. तर तो डावखुरा कोण? अस्मादिक. वय एक्केचाळीस, पोट सुटलेलं, आयुष्यात कुणाला टपली मारलेली नाही.

जेवणाच्या सुट्टीत आम्ही ऑफिसच्या तिसऱ्या मजल्यावरच्या पार्किंगमध्ये जायचो. तिथे कडेला एक रिकामा कोपरा होता. मी हातात तिचे जाड पॅड घालून, पोट आत ओढून, उजवा पाय पुढे टाकून उभा राहायचो आणि डावा हात फेकायचो. ती डावीकडे सरकायची आणि पॅडवर अशी ठेवून द्यायची की माझ्या खांद्यातून कळ जायची. "डावीकडे!" मी ओरडायचो. "अगं डावीकडे, पाय चिकटलेत का तुझे?" सिक्युरिटीचा माणूस स्टुलावर बसून डबा खात आमची करमणूक बघायचा. तीन आठवडे रोज वीस मिनिटं हे चाललं. शेवटी शेवटी तर मी हात उचलायच्या आधीच तिचा पाय डावीकडे पडायचा. मला वाटायचं, हे मी घडवलंय. लाज वाटते आता सांगायला, पण तेव्हा अगदी गुरू असल्यासारखं वाटायचं.

एकदा पॅड सोडताना तिने विचारलं, "भाऊ, ती उजवी असन तर?"

"व्हिडिओत ढळढळीत दिसतंय ना!" मी खेकसलो. "तुझा माझ्यावर विश्वास आहे की नाही?"

"आहे ना," ती म्हणाली.

लढतीच्या आधीच्या शुक्रवारी मी बसमध्ये भाकीत जाहीर केलं. आपली मुलगी, दुसरा राउंड, नॉकआउट. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पगार विभागातल्या गृहस्थांना विचारलं, तर त्यांनी मोबाईल हातात घ्यायलाच नकार दिला. "ओळखीच्या माणसाचं भाकीत मी करत नाही," असं म्हणाले, आणि ती उतरायला उठली तेव्हा खिडकीतून उठून तिला म्हणाले, "सोमवारी इथे तुम्ही बसायचं, निकाल काहीही लागो." मला ते 'काहीही लागो' फार झोंबलं.

रविवारी दुपारी चिंचवडच्या एका मंगल कार्यालयात स्पर्धा होती. स्टेजवर जिथे वधूवरांच्या खुर्च्या मांडतात तिथे पंच बसले होते आणि पिंजरा मधोमध हॉलमध्ये उभारला होता. खुर्च्यांना लग्नातले पांढरे अभ्रे आणि मागे गुलाबी फिती तशाच. मला तिसऱ्या रांगेत जागा मिळाली. तिचा कोपरा समोर डाव्या बाजूला, माझ्यापासून जेमतेम दहा-बारा पावलांवर. कोच पाण्याची बाटली घेऊन उभा होता. ती आत आली, जाळीतून मला शोधून काढलं आणि मान हलवली. मी अंगठा दाखवला.

मग सोलापूरची मुलगी आली. पिंजऱ्याच्या दारात थांबली, वाकली, मॅटला बोटं लावली आणि कपाळाला लावली.

उजव्या हाताने.

सगळं एका क्षणात लखलखीत कळलं. हात उजवा होता, व्हिडिओत डावा होता, म्हणजे व्हिडिओच उलटा होता. मोबाईलमध्ये आरशासारखं चित्र उलटवणारी कसली कसली सोय असते, त्यातलं काहीतरी झालं होतं. पोरगी उजवी होती. आईने मला हे चहाचा कप हातात धरून सांगितलं होतं. मी ताडकन उभा राहिलो. दहा-बारा पावलं जायचं, कोचच्या कानात दोन शब्द सांगायचे, 'उजवी आहे', बस. पिंजऱ्यातला पंच दोघींचे ग्लोव्ह्ज तपासत होता. वेळ होता. चांगलं अर्धं मिनिट होतं.

मागून कुणीतरी ओरडलं, "ओ काका, बसा की! दिसत नाही आम्हाला."

आणि मी बसलो. आयुष्यात कुणी 'बसा' म्हटल्यावर मी मुकाट बसलेलो नाही. बँकेत नाही, आरटीओत नाही, सोसायटीच्या मीटिंगमध्ये तर नाहीच नाही. तिथे बसलो. का बसलो ते नीट सांगतो, कारण याबाबतीत मी स्वतःला सोडणार नाही. खुर्चीत टेकलो आणि माझ्या डोक्यात आईचंच वाक्य आलं, डावखुरी असली तरी नमस्कार उजव्यानेच करतात. मग असेलही की डावखुरी! बघू आधी, उगाच कशाला शेवटच्या क्षणाला पोरीचा गोंधळ उडवायचा, असं मी मनाशी घोळवलं. व्हिडिओत डावा हात दिसला होता तेव्हा हे वाक्य मी धुडकावून लावलं होतं, आणि आता त्याच वाक्याच्या आडोशाला बसलो होतो. खरं कारण साधं होतं. कोचसमोर, त्या तीनशे लोकांसमोर, मुख्य म्हणजे तिच्यासमोर मला 'माझं चुकलं' म्हणायचं नव्हतं.

आमच्या मुलीची नजर आमच्या बाजूलाच होती. मग भोंगा वाजला.

सोलापूरची मुलगी डावा पाय पुढे टाकून उभी राहिली. उजवी, सरळसोट उजवी. आमची मुलगी क्षणभर जागच्या जागी थांबली आणि मग तीन आठवडे पार्किंगमध्ये जे घोटवलं होतं तेच केलं. डावीकडे सरकली. पहिली बुक्की गालावर बसली. कोच ओरडला, "उजवीकडे, उजवीकडे जा!" पण ते आता तिच्या हातात राहिलं नव्हतं. पायांना एकच वाट माहीत होती. समोरचीचा खांदा हलला की ही डावीकडे. दुसरी बुक्की बसली. तिसरीला ती एका गुडघ्यावर आली, उठली, आणि उठल्या उठल्या पुन्हा तिकडेच गेली. पंचाने मध्ये पडून लढत थांबवली तेव्हा पहिला राउंडसुद्धा संपला नव्हता. मी खुर्चीची ती गुलाबी फीत मुठीत धरून बसलो होतो, ती माझ्या हातात सुटून आली.

बाहेर, जिथे लग्नात आइस्क्रीमचं टेबल लावतात तिथे, ती बाकावर बसली होती. गालावर बर्फाची पिशवी. डोळ्याखाली काळंनिळं झालं होतं. मला बघून हसायला गेली, तर ओठ दुखला.

"भाऊ, ती तर उजवी निघाली ना."

"व्हिडिओ उलटा होता," मी म्हणालो.

"तेच वाटलं मला." थोडा वेळ ती बर्फाची पिशवी उलटसुलट करत बसली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुम्हाला कधी समजलं?"

"लढत सुरू झाल्यावर," मी सांगितलं. "तिने पाय पुढे टाकला तेव्हा."

"हो का," ती म्हणाली. "जाऊ द्या. तुम्ही किती मेहनत घेतली."

त्या 'मेहनत' शब्दाने मला घरापर्यंत सुखाने गाडी चालवू दिली नाही. सिग्नलला समोरचा जरा थांबला की मी हॉर्नवर हात ठेवून बोंबलत होतो. एका रिक्षावाल्याने खिडकीतून डोकं काढून विचारलं, "घरी भांडून आलाय का?" घरी आईने दार उघडलं आणि विचारलं, "जिंकली का रे तुझी मुलगी?" मी म्हणालो, "नाही." तिने पुढे एक अक्षर विचारलं नाही. विचारायला हवं होतं. चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. मी चप्पल काढून सरळ लॅपटॉपपाशी गेलो आणि ती एक्सेलची शीट पुसून टाकली. मग कचऱ्यातूनही पुसली. त्याने काय होणार होतं, देव जाणे.

सोमवारी ती ड्रायव्हरच्या मागच्या खिडकीत बसली, सुजलेला गाल काचेकडे करून. पगार विभागातले गृहस्थ मागे माझ्या शेजारी आले. मला वाटलं आता काहीतरी कुजकं ऐकावं लागणार. पण चांदणी चौक आल्यावर ते एवढंच म्हणाले, "मुलगी गुणी आहे हो." मी मान हलवली. त्याच दिवशी दुपारी तिने मॅनेजरला हो सांगितलं. मी तिच्या शेजारच्या टेबलावर बसून ते ऐकलं आणि माझ्या स्क्रीनवरचा एक बग चार वेळा उघडला आणि मिटला.

पुढच्या महिन्यापासून तिची बस वेगळी झाली. आम्ही संध्याकाळी हिंजवडीहून शहराकडे निघायचो आणि त्याच वेळी रात्रपाळीची बस शहरातून हिंजवडीकडे यायची. वाकडजवळ दोन्ही बाजूंचा रस्ता तुंबलेला, त्यामुळे कधी कधी दोन्ही बसेस मधल्या पत्र्यांच्या अलीकडे पलीकडे समोरासमोर उभ्या राहायच्या. ती दिसली की हात करायची. मी बहुतेक वेळा मोबाईलमध्ये बघत असल्याचं सोंग करायचो. शुक्रवारची भाकितं बंद झाली होती. लोकांनी आधी विचारलं, मग सोडून दिलं. रविवारी सकाळी मी टीव्ही लावेनासा झालो, तर आईने एकदा देवघरातून विचारलं, "बरा आहेस ना?"

असं दोन-अडीच महिने चाललं. एका शुक्रवारी दोन्ही बसेस अशाच अडकल्या. ड्रायव्हर चहाला उतरला. ती समोरच्या खिडकीत होती, गाल आता बरा दिसत होता, अंगाने जरा जाड झाली होती. तिने मला पाहिलं आणि मोबाईल उचलून दाखवला. माझा मोबाईल वाजला. तिचा मेसेज होता: "भाऊ, या रविवारी मोठी लढत आहे ना. कोण जिंकन?"

मी उत्तर लिहायला घेतलं. दोन्ही गड्यांची नावं लिहिली, खोडली. पलीकडे ती काचेला नाक लावून वाट बघत होती. आणि मग अडीच महिने दडवलेलं मी लिहून टाकलं: "त्या दिवशी मी तुला खोटं सांगितलं. ती मुलगी आत येऊन वाकली तेव्हाच मला कळलं होतं. लढत सुरू व्हायच्या आधी. मला येऊन सांगता आलं असतं." पाठवलं, आणि तिच्याकडे बघायची हिंमत होईना म्हणून समोरच्या सीटच्या पाठीकडे बघत राहिलो.

तिचं उत्तर यायला वेळ लागला. त्यांची बस हलायला लागली होती. मी मान वर केली तेव्हा ती खिडकी निघून गेलेली होती. मोबाईलवर चार ओळी होत्या.

"मला माहीत आहे, भाऊ. तिने उजवा हात लावला तेव्हा मला पण शंका आली होती. मी तुमच्याकडे पाहिलं, तुम्ही उभे झाले होते. मग तुम्ही बसून गेले. मला वाटलं सगळं बरोबर आहे, म्हणून मी डावीकडे गेली."